घसरता निषाद

"या पेटीसाठी इतक्या दुरून काहून यावं मी," मागच्या खुर्चीवरून मायाबाई पुटपुटल्या. "हीच तर गणपतीच्या मिरवणुकीत भनपुरीच्या ट्रकवर वाजून राहिली होती. अशीच. मधातच जरा पाय घसरल्यावानी."

सांगत होत्या त्या शेजारणीला, पण तोंडातल्या लवंगेचा वास विनोदिनीच्या मानेपर्यंत आला, म्हणजे बोलणं कुणासाठी होतं ते वेगळं सांगायला नको. मायाबाई मंडळाच्या अध्यक्षांच्या, श्यामरावांच्या बायको. एखादीला काही सुनावायचं असलं की त्या ते नेमकं दुसरीच्या कानात सांगत.

विनोदिनीने वळून पाहिलं नाही. तिच्या मांडीवर लॅपटॉप होता आणि समोर सतरंजीवर दत्तजयंतीची तालीम चालली होती. यंदा भजनी मंडळाला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. वर्धा-भंडाऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीपायी रायपुरात आलेल्या सात-आठ घरांनी ते सुरू केलेलं, आणि त्यातली चाळीस वर्षं पेटीवर एकच माणूस बसला होता. अनंतराव. पार्सल ऑफिसातून रिटायर झालेला, विनोदिनीचा नवरा. आताही तेच बसले होते. डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर. अंतरा संपवून मुखड्यावर येताना 'सा'च्या आधीचा 'नी' नेहमीसारखा किंचित उशिरा पडला आणि जुन्या मंडळींच्या माना नेहमीसारख्या डोलल्या.

त्या पेटीच्या खुंट्या आत दाबलेल्या होत्या. खुंट्या ओढल्याशिवाय पेटी गात नाही. भाता हलत होता, बोटं पट्ट्यांवर फिरल्यासारखी दिसत होती, आणि पेटी मुकी होती. सूर येत होते ते पेटीमागे लाल कापडाखाली ठेवलेल्या स्पीकरमधून. स्पीकरची वायर सतरंजीच्या काठाकाठाने विनोदिनीच्या लॅपटॉपपर्यंत येत होती. सहा वर्षं हे असंच चाललं होतं. मंडळातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्या वायरवरून चालताना प्रत्येकजण पाय उचलून टाकत असे, आणि कुणीही, एकदाही, ही वायर कशाची, असं विचारलं नव्हतं.

सुरुवात कुणाच्या वाईट मनातून झाली नव्हती. सहा वर्षांमागे अनंतरावांना अर्धांगाचा हलका झटका आला. बोलणं पंधरा दिवसांत परत आलं, चालणं दोन महिन्यांत. उजव्या हाताची तीन बोटं मात्र आली नाहीत. येतील, असं डॉक्टर म्हणत होते, मग हळूहळू तेही म्हणेनासे झाले. त्या वर्षीच्या दत्तजयंतीला अनंतराव श्रोत्यांत बसायला आले, तर श्यामरावांनी त्यांना दंडाला धरून पेटीमागे नेऊन बसवलं. "जागा तुमची आहे. फक्त बसा. वहिनींकडे कॉम्प्युटरवर गाणी आहेत न, तीच लावू. या एका खेपेपुरतं." खेप संपली, पण व्यवस्था राहिली. प्रेमाने केलेली गोष्ट मोडायची कुणी?

आणि विनोदिनीकडे कॉम्प्युटरवर गाणी होती हे खरं. मुलगी नोकरीला हैदराबादला गेली तेव्हा समता कॉलोनीतल्या घरात तिचा जुना कॉम्प्युटर मागे राहिला. त्यावर कव्हर घालून धूळ पुसत बसण्यापेक्षा विनोदिनीने तो सुरू केला. शिकलेली दहावीपर्यंत, इंग्रजी वाचायची बोट ठेवून. दुपारच्या वेळात, कुकर उतरल्यावर, तिने एक फुकटातलं सॉफ्टवेअर शोधून काढलं. सिक्वेन्सर म्हणतात त्याला. पडद्यावर चौकटींचा कागद उघडतो, त्यात एकेक सूर छोट्या पट्टीसारखा मांडायचा, आणि कॉम्प्युटर तो वाजवतो. त्यातून जी फाइल निघते, मिडी म्हणतात ती, तिच्यात आवाज नसतोच. फक्त सांगणं असतं: हा सूर, आत्ता, एवढ्या जोरात, एवढा वेळ. विनोदिनीला ते चटकन समजलं, कारण जन्मभर ती स्वेटरचे नमुने असेच वाचत आली होती. दोन सुलट, एक उलट, एक सोडा. नमुना सगळ्यांचा, लोकर ज्याची त्याची.

लोकरही मग तिने स्वतःची केली. फुकटातल्या सूरसाठ्यांत, म्हणजे वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांत, परदेशी पियानो दहा होते, पेटी एकही धड नव्हती. तेव्हा झटक्याच्या दोन वर्षं आधी, मे महिन्यात, नवरा-बायकोंनी दारं-खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, आणि घरातल्या पेटीच्या एकोणचाळीस पट्ट्या एकेक करून, हळू, मध्यम आणि जोरात, अशा मायक्रोफोनसमोर वाजवल्या. रायपूरचा मे. अनंतराव बनियनवर बसले होते, घामाचे ओघळ पट्ट्यांवर पडत होते, आणि दर दोन सुरांनी ते म्हणत होते, "हे कोणासाठी करून राहिलो आपण?" वरच्या सप्तकातल्या कोमल गंधाराच्या मागे शेजारच्या कुकरची शिटी बारीक ऐकू येते ती अजून तशीच आहे. चार वेळा घेतला तो सूर. चारही वेळा शेजारी डाळ शिजत होती.

ते सगळं, पेटीचा सूरसाठा आणि गाण्यांच्या फायली, तिने इंटरनेटवरच्या एका साध्या पानावर टाकलं. भजनं, हळदीची गाणी, भुलाबाईची गाणी, छत्तीसगढी बिहावाची म्हणजे लग्नाची गाणी, सगळी कुणाच्या मालकीची नसलेली, आजीकडून आलेली. वर लिहिलं: घ्या, वाजवा, बदला, पुढे द्या. पहिल्या महिन्यात तीन माणसांनी घेतलं, त्यातली एक तिची स्वतःची मुलगीच होती. मग गोंदियाच्या एका रिटायर मास्तरांनी भुलाबाईच्या गाण्याचा चुकलेला ठेका सुधारून फाइल परत पाठवली. मग खडगपूरच्या रेल्वे कॉलनीतल्या कुणी बाईंनी आरत्या जोडल्या. रायपूरजवळच्या उरला या कारखान्यांच्या वस्तीतल्या, रोलिंग मिलमधल्या एकाने लिहिलं की आठ तास लोखंड ऐकल्यावर मी तुमची पेटी निम्म्या वेगावर लावतो आणि जेवतो. तेवढंच. नाव पण लिहिलं नव्हतं. विनोदिनीने ते पत्र कागदावर उतरवून कॉम्प्युटरच्या कडेला चिकटवून ठेवलं.

आणि तो घसरता निषाद. झटक्यानंतर तिने मंडळासाठी फायली केल्या तेव्हा त्या आधी अगदी स्वच्छ केल्या होत्या, सूर जिथल्या तिथे. मंडळी अस्वस्थ झाली. बेसूर नव्हतं काही, पण श्यामराव दोनदा चष्मा पुसत म्हणाले, जरा परकं वाटतं. विनोदिनी घरी आली आणि तिने झटक्याआधीची कॅसेट ऐकली. मुखड्यावर येताना अनंतरावांचा 'नी' जरासा मागे राहतो, हे तिला तीस वर्षं ठाऊक होतं. तरुणपणी तिने त्यावरून त्यांना चिडवलंही होतं. आता तिने प्रत्येक फायलीत, प्रत्येक मुखड्याआधी, तेवढी एक पट्टी केसभर उजवीकडे सरकवली. पुढच्या तालमीला श्यामरावांचे डोळे भरले. माणूस अचूक वाजवला की परका, चुकला की आपला.

पण फायली तर पानावर होत्या, पान सगळ्यांना खुलं. त्यामुळे गोंदियात, खडगपुरात, उरल्यात आणि गणपतीत भनपुरीच्या ट्रकवर, जिथे जिथे ती पेटी वाजली तिथे तिथे अनंतरावांचा 'नी' घसरला. ती चूक मायाबाईंच्या कानावर पडली, आणि कानावर पडलं की मायाबाईंना ते पोटात ठेवता येत नाही.

तालीम संपल्यावर सुशील तिच्याजवळ येऊन बसला. सुशील मंडळाचा नवा सचिव, नव्या रायपुरात एका संस्थेत नोकरीला, पुण्याकडचा, चांगला मुलगा. खरंच चांगला. सतरंज्या स्वतः उचलतो. त्याने आधी लॅपटॉपची चौकशी केली, मग मुलीची, मग मुद्द्यावर आला. सुवर्णमहोत्सवाचं चित्रण होणार होतं आणि ते सगळ्यांना पाहता येईल असं इंटरनेटवर ठेवलं जाणार होतं. नागपूरचे एक नावाजलेले पेटीवादक येणार होते, त्यांच्या हस्ते काकांचा सत्कार. 'चाळीस वर्षांची अखंड साथ', मानपत्र छापायला गेलंसुद्धा. आता अशात कुणी तुमच्या पानावरची फाइल घेतली आणि चित्रणाशेजारी ठेवून ऐकली, तर? सूर न् सूर तोच निघणार. लोक काहीबाही लिहितात, काकू.

"म्हणून?"

"म्हणून ते पान काढून टाका. निदान सहा महिने."

श्यामराव मागे उभे होते. त्यांनी हळूच जोडलं की इतकी वर्षं सगळ्यांनी मिळून सांभाळलं, आता टोकाला येऊन काही बोभाटा व्हायला नको. काय सांभाळलं ते मात्र ते बोलले नाहीत. तिथे आले की वाक्य वळसा घालून पुढे जात असे, सतरंजीच्या काठाने जाणाऱ्या वायरसारखं.

विनोदिनीने लॅपटॉपची बॅग बंद केली. "पान माझं आहे," ती म्हणाली. "नाही काढत मी."

"काकू, काकांसाठी तरी."

याला उत्तर नव्हतं असं नाही. होतं, एकाच वाक्याचं, आणि ते जिभेच्या टोकावर होतं. पण ते वाक्य तिचं नव्हतं. ज्याची बोटं त्याचं वाक्य. ती उठली आणि घरी गेली.

घरी सहा वर्षांत 'बोटं' हा शब्द निघाला नव्हता. अनंतरावांच्या सगळ्या सदऱ्यांची बटणं काढून तिथे टिचबटणं लागली होती. कधी लागली हे त्यांनी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. पोळीचे तुकडे करूनच ताट समोर येई. सही ते डाव्या हाताने करायला शिकले होते, दार लावून. त्या संध्याकाळी ते आरामखुर्चीत बसून डाव्या हाताने वाटाणे सोलत होते आणि शेंगा अर्ध्या फुटून खाली पडत होत्या.

"सुशील मलेही बोलला," ते म्हणाले. "तूच ठरव काय ते."

विनोदिनीला राग आला, आणि मग त्या रागाचीच दया आली. तूच ठरव, तूच ठरव. सहा वर्षं तिनेच ठरवलं होतं. आता ते तिला असं ठरवायला सांगत होते की माझा हात झाकण्यासाठी तू तुझे हात झाक. तेही न बोलता. खाली पडलेले वाटाणे तिने वेचले. "मी ठरवलं आहे," ती म्हणाली. "तुम्हाला कळेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कॉम्प्युटरसमोर बसली. पान काढणं राहिलं दूर, दत्तजयंतीला होणारी बाराच्या बारा गाणी तिने त्या पानावर एकत्र करून सगळ्यांत वर ठेवली. कार्यक्रमाच्या पंधरा दिवस आधी. प्रत्येक फायलीच्या वर 'पेटी: अनंतराव' असं होतं, ते तसंच राहू दिलं, कारण सूर त्यांच्याच पेटीचे होते आणि ढंगही त्यांचा. त्याखाली 'मांडणी' या शब्दापुढची जागा आठ वर्षं रिकामी होती. तिथे तिने लिहिलं: विनोदिनी, समता कॉलोनी, रायपूर. लिहून झाल्यावर परत वाचून पाहिलं. स्पेलिंगं नीट होती. आणखी खाली तारीख, वेळ, मंडळाचा पत्ता, सगळ्यांनी या. जिला उभ्या आयुष्यात कुणी निमंत्रणपत्रिकेवर छापलं नव्हतं तिने स्वतःच पत्रिका काढली.

अनंतरावांच्या हाताबद्दल तिने एक अक्षर लिहिलं नाही.

रविवारी तालमीला सुशील तोंड पाडून बसलेला होता. त्याने पाहिलं होतं. तो रागावला नाही, हेच वाईट. एवढंच म्हणाला की काकू, तुम्ही आम्हाला काही जागाच ठेवली नाहीत. मायाबाई शेजारणीच्या कानात म्हणाल्या की काही काही बायांना म्हातारपणी नावाची हौस येते. विनोदिनीने वायर जोडली, लाल कापड नीट केलं आणि शेजारणीकडे पाहत म्हणाली, "म्हातारपणीच येते. तरुणपणी पोळ्या लाटायच्या असतात." शेजारीण बिचारी उगीच ओशाळली.

पहिलं भजन संपलं तेव्हा दारात एक माणूस उभा होता. तिशी-पस्तिशीचा, बुटांवर भनपुरीची लाल धूळ, काखेत हेल्मेट. चपला-बुटांच्या ढिगाकडे पाहून त्यानेही बूट काढले, आणि सरळ पेटीपाशी जाऊन अनंतरावांच्या पाया पडला. त्याचं नाव निरंजन. भनपुरीत, ट्रकची बॉडी बांधण्याच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करायचा. आजोबा भंडाऱ्याचे, पण घरातली मराठी आता कानापुरती उरलेली.

"काकाजी, गणपतीत ट्रकवर आम्हीच होतो," तो म्हणाला. "हव, तुमचीच फाइल लावली होती. पन मले ते असं फाइल लावून वाजवनं अच्छा नहीं लगा. मैंने पेटी खरीदी. सेकंडहँड."

मंडळींना गंमत वाटली. निरंजन सांगत राहिला, अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत. त्याला शिकवणारं कुणी नव्हतं. तो वर्कशॉपमधून आला की घरच्या कॉम्प्युटरवर फाइल उघडायचा, वेग निम्मा करायचा, पडद्यावर कोणती पट्टी केव्हा पेटते ते बघायचा आणि तसं बोट ठेवायचा. अडीच महिन्यांत सात भजनं बसली. पानावर पत्ता दिसला तसा विचारत विचारत आला होता, कारण एक गोष्ट काही केल्या जमत नव्हती.

"वो 'नी'. मुखड्याच्या आधीचा. कितना लेट है, वो कंप्यूटर में दिखता है. मी तेवढा लेट करतो तर चुकल्यावानी वाटते. तुमचा मात्र चुकूनही गोड. तो हात से कैसे आता है, वह फाइल में नहीं है, काकाजी. एक बार दाखवा न."

आणि कुठलाही पेटीवाला करील तसं त्याने सहज पुढे वाकून पेटीच्या खुंट्या एकेक करून बाहेर ओढल्या. अनंतरावांचा डावा हात भात्यावरच होता. पेटीतून एक लांब, नुसता श्वासाचा आवाज आला.

सभागृहात अशी एक घाई उडाली की परक्या माणसाला तीत काही वेगळं दिसलं नसतं. श्यामरावांना चहाची आठवण झाली. गाणारी क्षमा वही उलटीसुलटी चाळू लागली. मायाबाई, आणि हे विनोदिनी कधी विसरणार नव्हती, उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आधी चहा घे रे बेटा, पेटी काय पळून जाऊन राहिली?" शेजारणीला नाही, थेट त्यालाच. सगळे अनंतरावांसमोर उभे राहून आडोसा धरत होते, सहा वर्षं धरला तसा.

"काकांची तब्येत आज जरा..." सुशील म्हणाला, आणि निरंजनच्या डोक्यावरून त्याने विनोदिनीकडे पाहिलं. नजरेत विनंती होती. एक बटण दाबा, काकू. काकांनी पट्ट्यांवर हात ठेवला की सूर येतील, 'नी' घसरेल, हा माणूस खूश होऊन जाईल. इतकं सोपं होतं. विनोदिनीचं बोट बटणावर होतंही. तिथे ते इतक्या वेळा गेलं होतं की त्याला वाट पाठ होती.

तिने अनंतरावांकडे पाहिलं. तेही तिच्याकडेच पाहत होते, आणि त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं पांढऱ्या पट्ट्यांवर कुणीतरी ठेवून विसरल्यासारखी पडली होती. या माणसाला ती आणखी सहा वर्षं झाकू शकली असती. त्याला लाज वाटू नये म्हणून ती आणखी दहा सदऱ्यांची बटणं बदलू शकली असती. पण भनपुरीहून एक माणूस शिकायला आला होता. त्याला खोटं शिकवणं तिच्या हातून होणार नव्हतं.

तिने लॅपटॉपचं झाकण मिटलं.

तेवढा एक आवाज सभागृहात झाला. सुशीलने मान खाली घातली. श्यामराव चहाची किटली हातात घेऊन दारातच थांबले. निरंजन तसाच वाकलेला, डोळे पट्ट्यांवर, वाट पाहत होता. त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

अनंतरावांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला, पट्ट्यांवरून काढला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला. सगळ्यांच्या देखत, सावकाश.

"मले नाही येत दाखवता," ते म्हणाले. "हात गेला माझा, सहा वर्षं झाली. तू जे ऐकून शिकून राहिला न, ते मी वाजवलेलं नाही. ते सगळं विनोदिनीनं वाजवलं आहे."